गाडीत पहिल्यांदा सीएनजी भरायला निघताय? गावाकडच्या माणसासाठी घरापासून पंपापर्यंतची माहिती

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. सीएनजीचा पंप नागपूर-अमरावती हायवेवर, गावापासून ३१ किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी मी जुनी, पण कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी आई, बायको, दोन्ही पोरं असं सगळं घर घेऊन गॅस भरायला गेलो. वैशाख होता. तास-सव्वा तास लाइनीत उभे राहिलो. नंबर आला. पंपावरच्या पोरानं झाकण उघडलं, आतल्या पट्टीवर अंगठा फिरवून धूळ पुसली, वाचलं आणि म्हणाला, "तारीख गेली जी काका. आता नाही टाकता येत."

टाकीची तपासणी होऊन तीन वर्षं उलटली होती. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही पेट्रोलवर घरी परत आलो. त्या पोराचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यानं त्या दिवशी आमच्या घरावर उपकारच केले.

त्यानंतर गावात आणि पाहुण्यारावळ्यांत बऱ्याच जणांनी सीएनजीच्या गाड्या घेतल्या. प्रत्येक जण एकदा तरी मला विचारतो, "भाऊ, भरताना काय काय पाहाचं?" म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय. शहरातल्या माणसाचा पंप दोन किलोमीटरवर असतो. आज नाही मिळाला तर तो उद्या जातो. आपण तीस-चाळीस किलोमीटर तुडवून गेलेलो असतो. रिकाम्या हातानं परतायला मन तयार होत नाही, आणि तिथूनच "चालते, एवढ्या वेळ टाकून दे" सुरू होतं. सीएनजी भरताना मी पाहिलेल्या जवळपास सगळ्या चुका या घाईच्या आहेत. म्हणून निम्मी काळजी घरूनच घेऊन निघायची.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

पहिली गोष्ट दाबाची. सीएनजी म्हणजे दाबून भरलेला नैसर्गिक वायू, त्यात बहुतेक भाग मिथेनचा. गाडीच्या टाकीत तो २०० बार दाबानं भरतात. आपल्या कारच्या चाकात हवेचा दाब साधारण २ बार असतो. म्हणजे चाकाच्या शंभरपट दाब तुमच्या डिकीत बसलेला असतो. त्यासाठीच ती टाकी जाड पोलादाची आणि एवढी जड असते. टाकी धड असेल तर घाबरायचं कारण नाही. टाकी गंजलेली, ठोकरलेली किंवा बिनतपासणीची असेल तर मात्र तो दाब सगळ्यात जास्त जाणवतो तो भरताना.

दुसरी गोष्ट वजनाची. घरचा स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, गळला की वर जातो. मोकळ्या जागी तो पटकन विरून जातो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण बंद खोलीत, टिनाच्या शेडमध्ये तो छताखाली साचतो. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून वास येत असेल तर गाडी कधीच गोठ्यात, शेडमध्ये किंवा कोठाराशेजारी उभी करायची नाही. सीएनजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. तेव्हा वास आला की तो इशाराच समजायचा.

सोबत काय ठेवायचं

- आरसी. त्यावर इंधनाच्या जागी पेट्रोलसोबत सीएनजी लिहिलेलं आहे का, हे स्वतः वाचा.
- टाकीच्या हायड्रो टेस्टचं, म्हणजे पाण्याच्या दाबानं केलेल्या तपासणीचं, प्रमाणपत्र. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स गाडीत.
- विम्याचा कागद, त्यात सीएनजीची नोंद असलेला.
- पीयूसी.
- एक जाडसर सुती फडकं, पाण्याची बाटली, टॉर्च.
- रोख पैसे. हायवेच्या पंपावर नेटवर्क जातं तेव्हा मागे दहा गाड्या उभ्या असतात.
- पेट्रोलच्या टाकीत निदान ३०-४० किलोमीटर जाण्याएवढं पेट्रोल. याबद्दल पुढे लिहिलं आहे.

१. घरीच पट्टी वाचा

गॅस भरायच्या तोंडाजवळ एक छोटी धातूची पट्टी असते. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते, काहींत बॉनेटखाली. पंपावर तिला कंप्लायन्स प्लेट किंवा नुसतं "प्लेट" म्हणतात. तिच्यावर गाडीचा नंबर, टाकीचा नंबर, मागच्या तपासणीची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख कोरलेली असते. चार गोष्टी, चारही वाचायच्या. नुसती तारीख पाहून भागत नाही. जुन्या गाडीत कधी पट्टी दुसऱ्याच टाकीची निघते. टाकीचा नंबर टाकीच्या खांद्यावर ठोकलेला असतो. डिकी उघडून टॉर्च मारला की दिसतो. तो आणि पट्टीवरचा नंबर एकच असला पाहिजे.

गाडीतल्या सीएनजी टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. टाकी गाडीतून काढतात, आतून-बाहेरून पाहतात, तिच्यात पाणी भरून नेहमीच्या दाबापेक्षा बऱ्याच जास्त दाबाला ताणतात आणि ती किती फुगली, परत जागेवर आली की नाही हे मोजतात. पाण्यानं का? पाणी दबत नाही. टाकी फुटली तरी पाण्याचा स्फोट होत नाही, वायूचा होतो. मी पहिल्यांदा हे उभं राहून पाहिलं तेव्हा "हायड्रो" या शब्दाचा अर्थ डोक्यात बसला.

हे सगळं गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं आणि त्यावर लक्ष ठेवते पेसो, म्हणजे पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटना. आपल्या लोकांना हे फारसं माहीत नसतं, पण या संस्थेचं देशाचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. तपासणी पेसोची मान्यता असलेल्या केंद्रावरच करून घ्या आणि मान्यतेचा कागद दाखवायला सांगा. खरं केंद्र लगेच दाखवतं.

इथे सगळ्यात वाईट सापळा आहे. मला एका ठिकाणी सांगितलं गेलं, "टाकी काढाची गरजच नाही भाऊ, प्लेट बदलून देतो, दहा मिनिटाचं काम." पैसे कमी, वेळ कमी, दिवसाची मजुरी बुडत नाही. ते करू नका. नवी तारीख कोरल्यानं टाकीचं पोलाद नवं होत नाही. तुमच्या मागे लाइनीत उभ्या असलेल्या माणसाचाही जीव त्या पट्टीवर असतो. टाकी काढली नाही तर तपासणी झालेलीच नाही, हे साधं गणित लक्षात ठेवा.

तारखेच्या दोन महिने आधी मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा. कापसाच्या वेचणीत किंवा तूर काढणीत तारीख येत असेल तर आधीच उरकून घ्या. त्या दिवसांत आपल्याला दिवस मिळत नाही.

२. पंपावर फोन करून निघा

जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथल्या पंपावर गॅस ट्रकनं येतो. ट्रकवर सिलिंडरांची रांग बांधलेली असते, त्याला कॅस्केड म्हणतात. पाइपलाइनवरच्या मोठ्या स्टेशनाला मदर स्टेशन म्हणतात. ते हे कॅस्केड भरून देतं आणि दूरच्या पंपाला, म्हणजे डॉटर स्टेशनला, पाठवतं. विदर्भात तर सुरुवातीच्या काळात गुजरातच्या किनाऱ्यावरून उणे १६२ अंशापर्यंत थंड करून द्रव केलेला गॅस टँकरनं यायचा आणि इथे त्याचा परत वायू करून गाड्यांत भरायचे. म्हणून "गाडी आली नाही अजून" हे उत्तर आपल्याकडच्या पंपावर नेहमीचं आहे. तिथे गाडी म्हणजे हा कॅस्केडचा ट्रक.

पंपाचा नंबर एकदा घेऊन ठेवा आणि निघण्याआधी दोनच प्रश्न विचारा: "गॅस आहे का? प्रेशर किती सुटत आहे?" उत्तर १८०-२००च्या आसपास असेल तर निघा. १२०-१३० सांगितलं आणि काम अडलेलं नसेल तर ट्रक आल्यावर जा.

हिशेबही करून पाहा. माझी गाडी एका किलोत २६ किलोमीटर जाते. जाऊन-येऊन ६२ किलोमीटर, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर गॅस फक्त गॅस आणण्यात जातो. म्हणून मी नुसता गॅस भरायला कधी जात नाही. अमरावतीला दवाखान्याचं काम, बाजाराचं काम, पोरीला होस्टेलवर सोडायचं असं काही असलं की जोडून भरतो.

३. डिकी रिकामी करा

हे शहरातल्या माणसाला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. आपल्या डिकीत काय काय असतं, आठवून पाहा. फवारणीचा पंप, विळे, खताची अर्धी बॅग, संत्र्याचे क्रेट, डिझेलची कॅन.

खताकडे विशेष लक्ष द्या. सांडलेला युरिया ओल धरतो आणि टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्याखाली जाऊन बसला की तिथलं लोखंड खातो. माझ्या टाकीच्या पट्ट्याखाली तपासणीच्या वेळी बोटभर रुंद गंजाची रेघ सापडली होती. वरून काहीच दिसत नव्हतं. केंद्रावरच्या माणसानं पट्टा बाजूला केला, तारेचा ब्रश मारला तेव्हा ती उघडी पडली. रंगापुरतीच होती म्हणून टाकी वाचली. तेव्हापासून खत आणि फवारणीचं सामान बैलगाडीत किंवा ट्रॉलीत, कारमध्ये नाही.

विळा, पहार, सब्बल असं टोकदार सामान टाकीच्या व्हॉल्व्हला लागेल असं ठेवू नका. पेट्रोल-डिझेलची कॅन तर पंपावर नेऊच नका. आणि टाकीवरचा हातानं बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरी निवांतपणे पाहून ठेवा. तिथे हात सहज पोचला पाहिजे. बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की बंद होतो. घरातल्या मोठ्यांना एकदा करून दाखवा. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात चित्र असतं.

४. लाइनीत

लाइन मोठी असते. उन्हाळ्यात लोक एसी चालू ठेवून बसतात, ते लाइनीत मागे असेपर्यंत ठीक. डिस्पेन्सरच्या, म्हणजे गॅस भरणाऱ्या यंत्राच्या, जवळ आलं की इंजिन बंद करायचंच. बिडी, सिगारेट लाइनीतसुद्धा नको. तुमच्या पुढच्या गाडीचं नोझल निघत असतं आणि तुम्ही दहा पावलांवर असता.

५. सगळे खाली उतरा. सगळे.

नंबर आला की हा क्रम ठेवा. गाडी आखलेल्या जागेवर नीट उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, चावी काढून हातात, दिवे-पंखा-टेप बंद. मग सगळे दरवाजे उघडून सगळ्यांनी उतरायचं आणि पंपानं आखून दिलेल्या जागी जाऊन उभं राहायचं.

माझ्या आईचे गुडघे दुखतात. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा पोरगा म्हणाला, "काका, सगळ्यायले उतरवा जी. आजीले बी." आई आतूनच म्हणाली, "मले कायले उतरवता रे बापू, गुडघे पाहा माहे." मीही म्हणालो, राहू दे, दोन मिनिटांचं तर काम आहे. त्यानं नोझल खाली ठेवलं आणि हात बांधून उभा राहिला. शेवटी आम्ही आईला धरून उतरवलं, सावलीत खुर्चीवर बसवलं. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आजी, टाकी तुमच्या पाठीमागेच आहे ना."

सगळं त्या एका वाक्यात आहे. मागच्या सीटच्या पाठीला लागूनच टाकी असते आणि ती भरली जात असताना तिच्यातला दाब पाच मिनिटांत कुठल्या कुठे चढतो. पाइप, व्हॉल्व्ह, टाकी यांतलं काहीही कच्चं असेल तर ते याच वेळी दगा देतं. देशात सीएनजी भरताना टाक्या फुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मागच्या सीटवर झोपलेलं लेकरू असलं की "उठेल, रडेल" म्हणून आपण त्याला तसंच ठेवतो. उठू द्या, रडू द्या. कडेवर घेऊन बाहेर या. म्हातारं माणूस किंवा आजारी माणूस सोबत असेल तर त्याला लाइनीत येण्याआधीच सावलीत उतरवा आणि गॅस भरून झाल्यावर परत घ्या. हे सगळ्यात सोपं पडतं.

मोबाइल खिशातच ठेवा. आता नवा प्रकार असा झालाय की नोझल लागलेलं असताना लोक डिस्पेन्सरशेजारी उभं राहून स्कॅन करून पैसे देतात. पैसे बाजूला जाऊन, ऑफिसच्या खिडकीजवळ द्या. पंपवाला तिथेच द्या म्हणाला तरी दोन पावलं लांब जा.

६. गॅस भरताना काय पाहायचं

नोझलला स्वतः हात लावायचा नाही. पेट्रोलसारखं हे काम नाही, शिकलेल्या माणसानंच करायचं. आपलं काम पाहायचं.

सुरुवातीला तोंडावरची रबरी टोपी निघते. आपल्या रस्त्यांवर धूळ फार. टोपी हरवलेली असेल तर तोंडात माती बसते आणि आतली रबरी रिंग कापली जाते. गळती तिथूनच सुरू होते. म्हणून टोपी नसली तर आधी ती आणा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. टोपी काढल्यावर पोराला फडकं द्या, तोंड पुसायला सांगा. बहुतेक जण हसून पुसतात.

मग डिस्पेन्सरवर शून्य पाहा. सीएनजी किलोत मोजतात, लिटरमध्ये नाही. आकडा, भाव आणि रक्कम या तीनही खिडक्या पाहायच्या. नोझल बसल्याचा ठक्क आवाज येतो, व्हॉल्व्ह फिरवला की सूंऽ असा आवाज सुरू होतो आणि हळूहळू बारीक होत थांबतो. तो आवाज नोझलच्या आतून यायला हवा. नोझल आणि गाडीच्या तोंडाच्या सांध्यातून फुसफुस येत असेल तर लगेच "बंद कर" म्हणा. लाजू नका. शेवटी नोझल काढताना एकदा जोरात फुस्स होतं. नळीत अडकलेला थोडा गॅस सुटतो, ते नेहमीचं आहे.

पोराशी या वेळात गप्पा मारू नका. त्याचं लक्ष दाबाच्या काट्यावर असू द्या.

७. "टाकी ६० लिटरची, मग गॅस एवढाच कसा?"

यावरून पंपावर जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

६० लिटर म्हणजे त्या टाकीत ६० लिटर पाणी मावतं. गॅस किती मावेल हे दाब आणि तापमान ठरवतात. २०० बार दाब आणि थंडगार हवा असेल तर अशा टाकीत पावणेदहा किलोच्या आसपास गॅस मावतो. पण गॅस भराभर दाबला की तो तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, तसंच. तापलेला गॅस पसरतो, काटा लवकर २०० वर जातो आणि प्रत्यक्षात गॅस कमी बसतो. मे महिन्यात, आपल्याकडे ४५-४६ अंश असताना, दुपारी दोन वाजता माझ्या गाडीत साडेसात किलोच्या पुढे कधी गेला नाही. त्याच पंपावर पौषात सकाळी सात वाजता साडेआठ बसला. पंपानं फसवलं नव्हतं.

दुसरं कारण पंपाच्या दाबाचं. गावच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी खाली गेलं की नळाची धार बारीक होते ना, तसंच इथेही होतं. कॅस्केडमधला दाब आणि तुमच्या टाकीतला दाब सारखा झाला की प्रवाह थांबतो. तुमच्या आधी ओळीनं वीस गाड्या भरल्या असतील तर दाब उतरलेला असतो आणि कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबणाऱ्या यंत्राला, तो परत चढवायला वेळ लागतो. तेव्हा चार-पाच किलोच बसतो.

अशा वेळी काय करायचं? "जरा जास्त दाब", "दोनदा मार", "गाडी हलव, बसते" असं काहीच म्हणायचं नाही. गाडी हलवून गॅस जास्त बसत नाही. आणि २०० बारच्या वर भरून घेणं म्हणजे त्याच गाडीला गावाकडे येताना दुपारच्या उन्हात उभी करून दाब आणखी चढवणं. घाई नसेल तर बाजूला थांबा, प्रेशर चढल्यावर परत घ्या. घाई असेल तर मिळाला तेवढा घेऊन निघा. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा. यापेक्षा दुसरी युक्ती नाही.

८. निघताना

नोझल निघालं का, स्वतः डोळ्यांनी पाहा. नोझल लागलेलं असताना गाडी पुढे घेतली असं होतं, आणि ते भयंकर असतं. काही गाड्यांत झाकण उघडं असेपर्यंत इंजिन सुरू होत नाही, ती सोय चांगली आहे. पण सगळ्या गाड्यांत ती नसते. टोपी परत बसवली का, झाकण लागलं का, पावतीवरचे किलो आणि डिस्पेन्सरवरचे किलो जुळतात का, एवढं पाहून गाडी पुढे घ्या आणि माणसं पुढे गेल्यावर बसवा. ट्रकच्या तोंडासमोर उभं राहून पोरं बसवू नका.

पेट्रोलचं म्हणाल तर, टाकी कोरडी ठेवू नका. बऱ्याच गाड्या सुरूच पेट्रोलवर होतात आणि मग सीएनजीवर जातात. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो, कोरडा चालला की जळतो. आणि हायवेवरचा पंप बंद निघाला तर घरी कशानं येणार? आठवड्यातून पाच-सात किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, म्हणजे ती बाजूही चालू राहते.

९. बाहेरचं किट बसवणार असाल तर

थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या गाडीला नंतर बाहेरून सीएनजीचं किट बसवतात. गाडीत इंधनाचा असा बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलंच किट, मान्यता असलेल्या ठिकाणीच बसवा. किटच्या मान्यतेचा कागद, टाकीचं प्रमाणपत्र, बसवणाऱ्याचं बिल आणि प्रमाणपत्र हे चारही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा कंपनीला लेखी कळवा. नोंद नसेल तर अपघाताच्या वेळी दावा अडकतो. दुसऱ्या गाडीतून काढलेली जुनी टाकी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिचं मागचं आयुष्य कोणी सांगू शकत नाही.

जुनी गाडी घेताना तर पैसे देण्याआधीच आरसी, पट्टी आणि टाकीचा नंबर जुळवा. माझ्याकडून राहिलं ते हेच.

आणखी एक. गाडीला कुठे वेल्डिंग करायचं असलं तर मिस्त्रीला आधी सांगा की सीएनजी आहे. टाकीला, पाइपला वेल्डिंग किंवा ड्रिल कधीही नाही.

१०. वास आला तर

मागच्या दिवाळीआधी गॅस भरून परत येताना आर्वीच्या अलीकडे वास आला. आधी वाटलं बाहेरचा असेल. काच खाली केली तर वास कमी झाला, वर केली तर वाढला. म्हणजे गाडीतलाच.

तेव्हा मी जे केलं ते क्रमानं देतो, कारण ते आधी ठरवून ठेवलं होतं म्हणूनच जमलं. गाडी रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी घेतली, झाडाखाली किंवा टपरीजवळ नाही. इंजिन बंद केलं. कुठलंही बटण चालू-बंद केलं नाही, दिवाही नाही. सगळ्यांना उतरवून वारा येत होता तिकडे, म्हणजे वारा आमच्याकडून गाडीकडे जाईल अशा बाजूला लांब उभं केलं. मागच्या सीटचे दरवाजे उघडे टाकले. डिकी उघडून टाकीवरचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. त्यानंतर लांब जाऊन मोबाइल काढला आणि ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. रस्त्यावरून एक जण बिडी ओढत विचारपूस करायला आला, त्याला लांबूनच हात करून थांबवलं.

आग दिसली तर व्हॉल्व्ह बंद करायलाही जवळ जाऊ नका. लांब पळा, ११२ किंवा १०१ ला फोन करा, येणाऱ्या गाड्या थांबवा. टाकीला आगीच्या वेळी गॅस सोडून देणारी सुरक्षा असते. तिचं काम तिला करू द्या.

अर्ध्या तासानं मिस्त्री मोटारसायकलवर आला. वास गेलेला होता. त्यानं बाटलीत साबणाचं पाणी घुसळून सांध्यांवर ओतलं आणि व्हॉल्व्ह जरासा उघडला. भरायच्या तोंडाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. त्यानं व्हॉल्व्ह परत बंद केला, आम्ही पेट्रोलवर आर्वीत गेलो. तिथे त्यानं तोंड खोललं. आतली रबरी रिंग एका बाजूनं कापलेली होती आणि कापलेल्या जागी वाळूचा कण रुतलेला होता. त्या महिन्यात टोपी कुठेतरी पडली होती, आणि नवी आणायची म्हणून मी दोन खेपा तशाच केल्या होत्या. रिंग बदलली, नवी टोपी दोरीनं झाकणाला बांधली. आजही ती तिथेच आहे.